मित्राची सायकल, ३,३८२ रुपयांचं बिल आणि एका स्कूटरचं न घेतलेलं लोन



जुन्या पार्टपासून सायकल बांधण्याचा व्हिडिओ टाकल्यापासून दोन प्रकारचे प्रश्न येतायत. पहिला: "दादा, पार्ट कुठून घेतले?" दुसरा: "मित्राकडून पैसे घेतले का?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्याला दहा मिनिटांच्या व्हिडिओत न्याय देता आला नसता, म्हणून हा लेख लिहितोय. थोडा लांब झालाय, पण आकडे सगळे दिलेत. वही-पेन घेऊन बसा.

आधी मित्राची परिस्थिती. आम्ही बीबीएला एकाच बाकावर होतो. तो नंतर एका कंपनीच्या कँटीनमध्ये सुपरवायझर झाला, मी सायकलचं दुकान टाकलं. गेल्या वर्षी कँटीनचं कंत्राट संपलं आणि तो घरी बसला. वहिनींच्या हाताला चव आहे, आजूबाजूचे लोक त्यांच्याकडून इडली-डोशाचं पीठ मागून नेत होतेच. मग दोघांनी ठरवलं, हेच करू. एफएसएसएआयची नोंदणी केली, पाऊच आणले, सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज टाकला. रोज सरासरी २४ पाकिटं जायला लागली. हडपसर, मगरपट्टा, केशवनगर असा पसारा. सकाळी सहा ते साडेआठमध्ये पीठ घरात पोचलं पाहिजे, कारण त्यानंतर गिऱ्हाईक पोहे करून मोकळं होतं.

तो माझ्याकडे आला तेव्हा स्कूटरचं कोटेशन खिशात होतं. एक लाखाचं लोन, १२ टक्के व्याज, तीन वर्षं. हप्ता ३,३२१ रुपये. मला विचारायला आला होता की जामीनदार म्हणून सही करशील का.

मी सही नाही केली. त्याला म्हटलं, "सहीचं पुढच्या महिन्यात बघू. आधी रूट किती किलोमीटरचा आहे ते सांग."

त्याला माहीत नव्हतं! मोबाईलवर नकाशा उघडून मोजलं तर घरापासून घरापर्यंत ९ किलोमीटर भरलं. २४ किलो पीठ, सपाट रस्ता, वाटेत एका रेल्वे पुलाचा चढ. हे काम आपल्याकडे दूधवाले आणि पेपरवाले कितीतरी वर्षं सायकलवर करत आलेत. पुणं एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं, ते काय सगळे हौशी होते म्हणून नाही.

वडिलांची अॅटलास

गावी त्याच्या वडिलांची सायकल गोठ्याच्या कडेला उभी होती. वडील साखर कारखान्यात होते, शिफ्टला याच सायकलवर जायचे. २८ इंची चाकांची, काळी, दांडीब्रेकची अॅटलास. मित्राचा अंदाज होता की भंगारात तीनशे रुपये येतील. मी म्हटलं, टेम्पोत टाकून आण.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या, कारण ती फक्त सायकलपुरती नाही. अॅटलास कंपनी १९५१ साली हरियाणात सोनीपतला सुरू झाली आणि तिचा साहिबाबादचा शेवटचा कारखाना ३ जून २०२० ला बंद पडला. योगायोग असा की तो दिवस जागतिक सायकल दिन होता. एखाद्या यंत्राची कंपनीच बंद पडली की ते यंत्र मेलं, असं आपण धरून चालतो. पण या काळ्या सायकलीचं तसं नाही. अॅटलास, हिरो, हर्क्युलस, सगळ्यांनी इंग्रजी रोडस्टरचीच मापं उचलली होती. त्यामुळे एकीची वाटी दुसरीला बसते, एकीचा चिमटा दुसरीला जातो. लुधियानाचे छोटे कारखाने आजही हे पार्ट बनवतात आणि तालुक्याच्या कुठल्याही दुकानात ते मिळतात.

उलट माझ्याकडे दोन-तीन वर्षांपूर्वीच्या महागड्या गिअरच्या सायकली येतात, ज्यांचा एक छोटा हँगर मिळत नाही म्हणून त्या महिनाभर भिंतीला टेकून असतात. तेव्हा धंद्यासाठी पिठाची चक्की घ्या, पॅकिंग मशीन घ्या, काहीही घ्या. किंमत विचारायच्या आधी विचारा, याचा सुटा पार्ट माझ्या तालुक्यात मिळतो का?

गाडी आली. माझ्या दुकानात चाचा आहेत, साठी ओलांडलेले, चाळीस वर्षं हातात पाना. त्यांनी सायकलला हात लावायच्या आधी सुतळी मागितली. मागच्या चाकाच्या खाचेपासून सुतळी निघाली, पुढच्या मानेच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या बाजूच्या खाचेत आणून ताणली. मग सीटच्या उभ्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर पट्टीने मोजलं. दोन्हीकडे सारखं. म्हणजे फ्रेम वाकडी नाही. दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला असता तर चाचांनी तिथेच काम थांबवलं असतं.

नंतर जोडांवर बोटं फिरवली. मानेखालचा जोड आणि पायडलच्या खोक्याचा जोड, या दोन ठिकाणी तडा जातो आणि तो रंगाखाली लपतो. जुनी फ्रेम ताज्या रंगात चकाकत असेल तर मला आनंद होत नाही, संशय येतो.

फ्रेम, चिमटा, हँडल, क्रँक, चेनचं पूर्ण कव्हर एवढं वाचलं. रिमा मात्र गोठ्यातल्या ओलीने खाल्ल्या होत्या, बोटाने पोपडे निघत होते. कॅरिअरचा एक पाय तुटलेला. स्टँड नव्हतंच.

जुना बाजार

बाकीच्या पार्टसाठी रविवारी आम्ही मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात गेलो. हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. सकाळी लवकर जा, नऊनंतर चांगला माल उचललेला असतो.

सुटे पार्ट घेत बसण्यापेक्षा त्याच मापाची एक पूर्ण पण मेलेली सायकल घ्यावी, असा माझा अनुभव आहे. दोन चाकं वेगवेगळी घ्यायला गेलं तर प्रत्येकी पाचशेच्या खाली कोणी बोलत नाही. अख्खी सायकल ११०० ला मिळाली. तिची फ्रेम मानेपाशी तडकलेली होती, पण रिमा सरळ, हब गुळगुळीत, जाड सळईचं कॅरिअर आणि दोन पायांचं स्टँड. आम्हाला तेच हवं होतं.

पैसे द्यायच्या आधी मी विकणाऱ्याकडून कागदावर लिहून घेतलं: नाव, मोबाईल नंबर, तारीख, रक्कम आणि सायकलचा फ्रेम नंबर. हा नंबर बहुतेक वेळा पायडलच्या खोक्याखाली किंवा सीटच्या नळीवर ठोकलेला असतो. नंबर घासलेला असेल तर सायकल सोडून द्या, कितीही स्वस्त असली तरी. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, आणि "मला काय माहीत" हे सांगायला तुमच्याकडे किमान एक कागद तरी पाहिजे. मित्राला हे जास्तीचं वाटत होतं. विकणाऱ्या काकांना अजिबात वाटलं नाही, त्यांनी खिशातून पेन काढून सही केली.

मापांबद्दल थोडं सांगतो, कारण नवीन लोकांचे सगळ्यात जास्त पैसे इथे बुडतात. चाक "२६ इंची" आहे एवढं सांगून टायर आणू नका. २६ इंचात दोन अगदी वेगळी मापं चालतात. जाड टायरच्या एमटीबीच्या रिमची टायर-बैठक ५५९ मिलिमीटरची, आणि २६ बाय एक तीन अष्टमांश या जुन्या मापाची ५९०. फरक ३१ मिलिमीटरचा, म्हणजे एकाचा टायर दुसऱ्यावर जन्मात बसणार नाही. आमच्या २८ बाय दीडच्या चाकाची बैठक ६३५. आणि गंमत म्हणजे ७०० सी नावाचं हल्लीचं माप ६२२, जे दिसायला जवळपास तेवढंच असतं. टायरच्या कडेला ४०-६३५ असा आकडा छापलेला असतो. शेवटचे तीन आकडे वाचा, इंच विसरा.

काय जुनं ठेवायचं, काय नवं घ्यायचं

चाचांचा यावरचा नियम एका वाक्याचा आहे: "जो पकडता है वो पुराना चलेगा, जो घिसता है वो नया लाओ." फ्रेम, चिमटा, हँडल, रिम, कॅरिअर हे धरून ठेवणारे भाग. छर्रे, चेन, फ्रीव्हील, ब्रेकचे रबर, टायर-ट्यूब, कॉटर पिन हे झिजणारे.

चेन जुनी चालेल का, हे बघायला शाळेतली फूटपट्टी पुरते. चेनच्या एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवा. बरोबर १२ इंचावर पिनेचाच मध्य आला पाहिजे. एक सोळांश इंच पुढे गेला तर चेन बदला. एक अष्टमांश गेला असेल तर चेनने फ्रीव्हीलचे दातेही खाल्लेत, दोन्ही एकदम बदला. नुसती चेन नवी टाकली तर ती झिजलेल्या दात्यांवर घसरते आणि गिऱ्हाईक म्हणतं दुकानदाराने डुप्लिकेट माल दिला. वडिलांच्या चेनमध्ये पिन पावणेदोन सूत पुढे होती. म्हणजे विषय संपला.

फ्रीव्हीलवर आमची चर्चा झाली. पुढच्या चेनव्हीलला ४४ दाते. मागे साधारण १८ दात्यांचं फ्रीव्हील असतं. चाकाचा घेर सुमारे सव्वादोन मीटर. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साडेपाच मीटर पुढे जाते. रिकाम्या सायकलवर हे छान वाटतं. २४ किलो पीठ लादून पुलावर चढताना गुडघे बोलायला लागतात. मागे २२ दात्यांचं घातलं की एका फेऱ्यात साडेचार मीटर. वेग थोडा कमी, पण माणूस तिसऱ्या महिन्यातही सायकल चालवत असतो. आम्ही २२ चं घातलं.

बाकावरचं काम

कॉटर पिन हा या सायकलचा सगळ्यात कटकटीचा भाग. क्रँक जागेवर धरून ठेवणारी पाचरीसारखी पिन. वीस वर्षांच्या गंजाने ती अशी बसते की नवशिक्या हातोडी मारून मारून तिचं डोकं फुलवतो आणि मग ड्रिल करत बसतो. चाचांनी आदल्या रात्री तेल सोडून ठेवलं. सकाळी क्रँकच्या खाली लोखंडी नळीचा तुकडा जमिनीपर्यंत आधाराला लावला, नट अर्धवट सैल ठेवला, आणि जड हातोडीचा एकच ठोका. आधार नसेल तर ठोक्याचा सगळा मार आतल्या छर्ऱ्यांच्या वाटीवर जातो. ही पिन एकदा काढली की परत वापरायची नाही, पंधरा रुपयांची असते. बसवताना एकीचा नट पुढे आणि दुसरीचा मागे येईल अशा उलट-सुलट बसवायच्या, नाहीतर दोन पायडल एका रेषेत येत नाहीत.

आणि आटे. डावं पायडल उलट्या आट्यांचं असतं, उजव्या बाजूची खोक्याची वाटीही उलट्या आट्यांची. हे माहीत नसताना जोर लावणारे लोक मी पाहिलेत. मोठा पाना, दोन माणसं, आणि आणखी घट्ट करतायत.

खोक्यात जुने छर्रे काळे पडले होते, वाटीला खड्डे होते. अॅक्सल, वाट्या आणि पाव इंची छर्रे नवे टाकले, भरपूर ग्रीस भरलं. मग चाकं. या सायकलच्या पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४० आरे असतात, कारण वजन मागे येतं. मागच्या चाकाचे ११ आरे गंजून बारीक झाले होते, ते बदलले.

त्यानंतर आउट काढायचं काम. हे कोणी बघत असेल तर त्याला वाटतं माणूस काहीच करत नाहीये. चाक फिरवायचं, खडू टेकवून कुठे घासतंय ते बघायचं, त्या जागेच्या आऱ्याचं निप्पल पाव फेरा पिळायचं, परत फिरवायचं. डाव्या बाजूला घासलं तर उजवीकडचा आरा ताणायचा. मागचं चाक चाचांनी दीड तास घेतला. नवशिका अर्धा फेरा देतो, मग तो दुरुस्त करायला दुसरीकडे अर्धा, आणि संध्याकाळपर्यंत चाकाचा पापड होतो.

मित्राला रंग मारून हवा होता, निळा. मी नको म्हटलं. रंगाचे चारशे रुपये एकही पाकीट जास्त विकून देणार नव्हते. शिवाय सोसायटीच्या गेटबाहेर पंधरा मिनिटं उभी राहणारी सायकल चोराला जुनीच दिसलेली बरी. चेनकव्हरवर वडिलांचं नाव पेंटरने पिवळ्या अक्षरात लिहिलेलं होतं. ते फक्त रॉकेलच्या फडक्याने पुसलं, अर्धं दिसतंय.

आता बिल

हे नीट वाचा. टायर दोन ५२०, ट्यूब दोन २२०, चेन १३०, फ्रीव्हील १४०, पायडल जोडी १३०, ब्रेकचे चार रबर ६०, कॉटर पिन ३०, छर्रे आणि ग्रीस ८०, आरे ४४, अॅक्सल आणि वाट्या १२०, रिमची पट्टी २०, तेल-रॉकेल-पॉलिशपेपर ४६. नवा माल १,५४०.

जुन्या बाजारातली सायकल १,१००. तिचं उरलेलं ११ किलो लोखंड भंगारवाल्याने २८ रुपये किलोने घेतलं, ३०८ परत आले. म्हणजे खर्च ७९२.

माझ्या दुकानातल्या भंगारातून सीट आणि चेनव्हील दिलं, कारण वडिलांच्या चेनव्हीलचे दाते करवतीसारखे झाले होते. त्याचे १५० लावले. इथे मित्र थांबला. "अरे, ते तर तुझ्याकडे पडूनच होतं ना?" पडून होतं, बरोबर. पण ते कोणातरी गिऱ्हाइकाकडून मी पैसे देऊन घेतलेलं होतं, आणि पडायला जागा लागते, तिचं भाडं मी भरतो. दुकानात पडलेली कुठलीही वस्तू फुकट नसते. मालाचा आकडा झाला २,४८२.

मजुरी ९ तास. चाचांचे ६, माझे ३. आमच्या दुकानाचा दर तासाला १५०. म्हणजे १,३५०. एकूण ३,८३२.

खाली मी लिहिलं: मित्रासाठी सूट, माझे ३ तास, वजा ४५०. द्यायचे ३,३८२.

खूप जण म्हणतील, मित्राला एवढं बिल? माझं म्हणणं असं आहे की माझ्या हाताची सूट मी देऊ शकतो, चाचांच्या हाताची नाही. त्यांचा घरखर्च माझ्या मैत्रीवर चालत नाही. आणि सूट द्यायची तर ती कागदावर दिसली पाहिजे. नुसतं "दे रे काहीतरी" म्हटलं की त्याला कळत नाही आपण किती दिलं आणि मलाही कळत नाही मी किती सोडलं. सहा महिन्यांनी दोघांच्याही मनात वेगवेगळे आकडे तयार झालेले असतात. मैत्री तिथे तुटते, बिलावर नाही तुटत.

त्याने पैसे दिले, पण चेहरा पडला होता. दोन दिवस फोन नाही. खरं सांगू का, मलाही झोप नीट लागली नाही.

वहिनींचे चार तास

तिसऱ्या दिवशी तो आला नाही, वहिनींचा फोन आला. "भाऊजी, तुमचं बिल मी फ्रिजवर लावलंय."

झालं असं होतं की ते बिल त्यांच्या हातात पडलं. त्यांनी मजुरीची ओळ वाचली आणि नवऱ्याला विचारलं, "सायकलच्या बिलात चाचांचे सहा तास आहेत. मग पिठाच्या हिशोबात माझे चार तास कुठंयत?"

मग संध्याकाळी आम्ही तिघं बसलो आणि पाकिटाचा हिशोब पहिल्यांदा पूर्ण काढला. एक किलोचं पाकीट ६० रुपयांना जात होतं. तांदूळ, उडीद, मेथी, मीठ, वीज, पाऊच मिळून ३२. त्यांच्या हिशोबाने नफा २८. दिवसाला २४ पाकिटं, महिन्याला २६ दिवस, म्हणजे १७,४७२ रुपये. या आकड्यावर तो लोन घ्यायला निघाला होता.

आता त्यात माणसं घाला. वहिनींचे भिजवण्या-दळण्याचे आणि पॅकिंगचे ४ तास, तासाला फक्त ६० धरले तरी दिवसाचे २४०, पाकिटामागे १० रुपये. त्याचे डिलिव्हरीचे अडीच तास, पाकिटामागे सव्वासहा. २८ मधले उरले पावणेबारा. त्यातून स्कूटरचा हप्ता ३,३२१ आणि पेट्रोलचे साधारण १,२०० काढले तर पाकिटामागे आणखी सव्वासात जातात. उरले साडेचार. रोज एक पाकीट आंबून परत येतं, त्याचा खर्च इतरांवर वाटला की हातात तीन रुपये आणि काही पैसे. गिऱ्हाइकं २४ ची १८ झाली असती तर? हप्ता तर तेवढाच राहतो.

सायकलचा हिशोबही लावला. ३,३८२ रुपये दोन वर्षांवर पसरले आणि महिन्याला १५० देखभालीचे धरले तरी पाकिटामागे पन्नास पैशांच्या आत येतं.

वहिनींनी दर ६० चा ७० केला. मित्राचा विरोध होता. पहिल्या आठवड्यात पाच गिऱ्हाइकं गेली, १९ वर आले. घरातलं वातावरण काय होतं हे मी सांगत नाही. महिनाभरात परत २५ झाली, गेलेल्यांपैकी दोघं परत आली.

मग हाच धंदा करू का?

हा प्रश्न कमेंटमध्ये येणारच, म्हणून आधीच उत्तर देतो. जुन्या पार्टची एक-एक सायकल बांधून विकायची, हा धंदा म्हणून मला फारसा पटत नाही. माझी लागत ३,८३२ आली, त्यात दुकानाचं भाडं आणि नफा नाही. साधी नवी काळी सायकल साडेसहा-सात हजारांत मिळते. त्यात सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, म्हणजे नव्या-जुन्यातलं अंतर आणखी कमी झालं. जुनी सायकल पाच हजारांच्या वर कोणी घेत नाही, आणि प्रत्येक सायकल वेगळी असल्याने वेळेचा अंदाज चुकतो.

पैसा दोन ठिकाणी दिसतो. एक, नुसत्या सर्व्हिसिंगमध्ये. ज्याला आपल्याकडे सगळे "ओव्हरऑयलिंग" म्हणतात ते. तिथे माल कमी आणि हात जास्त लागतो. दुसरं, लहान मुलांच्या सायकलींमध्ये. १६, २०, २४ इंची सायकल मूल दोन-तीन वर्षांत लहान पडते म्हणून सोडतं, ती झिजलेली नसतेच. सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये अशा सायकली धूळ खात असतात. कमिटीकडून लेखी परवानगीचं पत्र घ्या, मालकांना नोटीस लावायला सांगा, आणि एकदम दहा-पंधरा उचला. एकाच मापाच्या दहा सायकलींतून सात चांगल्या निघतात, आणि पार्ट बाहेरून फार आणावे लागत नाहीत. हातात आउट काढायची कला नसेल तर आधी एखाद्या चाचांकडे सहा महिने घालवा. व्हिडिओ बघून ती येत नाही, माझेही व्हिडिओ धरून.

सध्याची स्थिती

सायकल चालू होऊन साडेतीन महिने झाले. पहिल्या दोन आठवड्यांत मागचा एक आरा तुटला. नव्याने बांधलेल्या चाकावर वजन आलं की आरे बसतात, सैल होतात, म्हणून पन्नासेक किलोमीटरनंतर परत ताण बघायचा असतो. कॅरिअरचे बोल्टही तेव्हाच आवळले. पावसात लोखंडी रिमवर ब्रेक उशिरा लागतो, हे चाचांनी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तो पुलाच्या उतारावर आता आधीपासून ब्रेक धरून येतो.

गिऱ्हाइकं ३७ झाली आहेत. सगळं पीठ एका खेपेत मावत नाही, दुसऱ्या खेपेला सत्तर मिनिटं जास्त लागतात आणि केशवनगरच्या शेवटच्या चार घरांना पीठ पावणेनऊला मिळतं. त्यातल्या एका काकूंनी परवा तक्रार केली. स्कूटरचा विषय त्यामुळे पुन्हा निघालाय, पण यावेळी जुनी, रोख पैशाने, आणि वहिनींच्या वहीप्रमाणे ५५ पाकिटं सलग दोन महिने गेली तरच. मित्राचं म्हणणं ४५ पुरे. दोघांचं अजून जमलेलं नाही.

रविवारी तो मागचं चाक घेऊन येणार आहे, थोडा आउट आलाय. चाचांनी सकाळी अकराची वेळ दिली आहे.